न लागलेल्या ठोशांचा हिशेब

एखाद्या मुष्टियोद्ध्याची आयुष्यातली सर्वोत्तम लढत कोणती, असा प्रश्न निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. समोरचा माणूस पाठीवर पडला आहे, पंच दहापर्यंत आकडे मोजतो आहे आणि जिंकणारा हात उंचावून उभा आहे. महंमद अलीचं नाव घेतलं की १९७४ साली किन्शासाला आठव्या फेरीत कोसळलेला जॉर्ज फोरमन आठवतो. त्यात वावगं काही नाही. पण या खेळात काही माणसं अशी होऊन गेली, की त्यांची थोरवी मारलेल्या ठोशांत कमी आणि चुकवलेल्या ठोशांत जास्त होती. अशा माणसाची सर्वोत्तम लढत कशी ठरवायची? जे घडलं ते मोजता येतं. जे घडू दिलं नाही, ते कसं मोजायचं?

रेडिओवर हा विषय मांडताना त्यातली अडचण आणखी नीट कळते. ठोसा लागला की आवाज होतो, गर्दी ओरडते, समालोचकाचा स्वर चढतो. ठोसा हुकला तर ऐकू येण्यासारखं काहीच नसतं. मी कवितेच्या प्रांतातला माणूस. मुष्टियुद्धाशी माझं नातं केवळ प्रेक्षकाचं. तरीही या एका प्रश्नाने मला बराच काळ गुंतवून ठेवलं आहे, आणि त्याचं कारण आहे पर्नेल व्हिटेकर.

व्हिटेकरचा जन्म २ जानेवारी १९६४ चा. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातलं नॉरफोक हे बंदराचं, नौदलाचं शहर हे त्याचं गाव. उंची जेमतेम साडेपाच फूट आणि डावखुरा. जवळची माणसं त्याला 'पीट' म्हणत. गावातले प्रेक्षक त्याच्या लढतींच्या वेळी 'स्वीट पीट' असा घोष करायचे. सांगतात, की एका स्थानिक वार्ताहराला ते 'स्वीट पी' असं ऐकू आलं, त्याने तसंच छापलं आणि तेच नाव जन्मभर चिकटलं. 'स्वीट पी' ही नाजूक, सुवासिक फुलांची एक वेल. ठोसे मारून पोट भरणाऱ्या माणसाला फुलाचं नाव मिळावं, हे मला तरी गमतीचं वाटतं.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये व्हिटेकरने ६० किलो गटात सुवर्णपदक जिंकलं. त्या अमेरिकी संघात इव्हँडर होलीफिल्ड होता आणि मेल्ड्रिक टेलर नावाचा अवघ्या सतरा वर्षांचा मुलगाही होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ही मंडळी एकाच रात्री व्यावसायिक मुष्टियुद्धात उतरली. यातलं टेलरचं नाव तेवढं लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा येणार आहे.

व्हिटेकरच्या मागे उभे राहिलेले एक प्रशिक्षक होते जॉर्ज बेंटन. फिलाडेल्फियाचे बेंटन स्वतः एके काळी मिडलवेट गटातले अव्वल मुष्टियोद्धे आणि बचावात निष्णात. पण जगज्जेतेपदासाठी लढण्याची संधी त्यांना कधी मिळाली नाही. अशा माणसाच्या हाताखाली व्हिटेकरची उपजत चपळाई घडत गेली.

आता हा बचाव म्हणजे नेमकं काय, ते थोडं समजून घेऊ. ठोशापासून वाचण्याचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. पहिला हातांचा. दोन्ही हात चेहऱ्यापुढे धरायचे आणि ठोसा ग्लोव्हजवर किंवा दंडावर झेलायचा. दुसरा पायांचा. मागे सरायचं, बाजूला व्हायचं, समोरच्याच्या टप्प्यात यायचंच नाही. तिसरा मार्ग सगळ्यात अवघड. टप्प्यातच उभं राहायचं आणि फक्त मान, खांदे, कंबर आणि गुडघे हलवून ठोसा हवेत जाऊ द्यायचा. व्हिटेकर या तिसऱ्या मार्गाचा बादशहा. त्याला लागेल तेव्हा पायही सुरेख चालायचे, पण त्याची खरी ओळख ही, की तो हाताच्या अंतरावर उभा असायचा आणि तरी सापडायचा नाही. आपल्या कबड्डीत चढाई करणारा गडी सात जणांच्या हाताशी असतो, तरी कोणाच्या हाती लागत नाही. तसंच काहीसं, पण इथे मध्यरेषेकडे परतायची सोय नाही. तीन मिनिटं संपेपर्यंत तिथेच राहायचं.

हे असं जवळ राहणं हौसेसाठी नव्हतं. जो लांब पळतो, त्याला स्वतःचे ठोसेही मारता येत नाहीत. व्हिटेकर जवळ राहायचा, कारण समोरच्याचा ठोसा हुकला की त्याच क्षणी त्याची बाजू उघडी पडते. पूर्ण ताकदीने फेकलेला ठोसा हवेत गेला, तर फेकणाऱ्याचा तोल जातो. पुन्हा पाय रोवून उभं राहायला त्याला निमिषभर लागतं. तेवढ्यात व्हिटेकरचा उजव्या हाताचा जॅब किंवा पोटावर डावा ठोसा येऊन जायचा. शिवाय हुकलेला ठोसा लागलेल्या ठोशापेक्षा जास्त दमवतो. आणि पाच-सहा फेऱ्या असं झालं, की समोरच्याचा हात उचलण्याआधी मनातच अडखळू लागतो. चांगल्या बचावाचं काम तिथे पुरं होतं. ठोसा चुकवण्याऐवजी तो मारायची इच्छाच मरते.

त्याच्या या कौशल्याला खोडकरपणाची जोडही होती. कधी तो इतका खाली बसायचा, की समोरच्याच्या पट्ट्याशी त्याचं डोकं यायचं. एका लढतीत तर त्याने प्रतिस्पर्ध्याची चड्डीच खाली ओढली होती. प्रेक्षक हसायचे. पण गुण देणाऱ्या पंचांना असल्या गोष्टी रुचत नसत, हेही लक्षात घ्यायला हवं.

या खेळात बचाव ही शोभेची वस्तू नाही, हे इथेच सांगून टाकतो. १९८२ साली दक्षिण कोरियाचा किम डुक-कू हा तरुण मुष्टियोद्धा रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीत चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत मेंदूच्या इजेने मरण पावला. त्यानंतर जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने, म्हणजे डब्ल्यूबीसीने, जगज्जेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या केल्या. बाकीच्या संघटनाही पुढे त्याच वाटेने गेल्या. डोक्यावर बसणाऱ्या प्रत्येक ठोशाची किंमत माणूस कधी ना कधी मोजतोच. म्हणून 'ठोसा चुकवणं' ही या धंद्यात उरलेलं आयुष्य राखून ठेवण्याची विद्या आहे.

ही विद्या गुणांत कशी उतरते? व्यावसायिक लढतीत रिंगच्या तीन बाजूंना तीन गुणपंच बसतात. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण, हरणाऱ्याला साधारणपणे नऊ. कोणी खाली पडला तर आणखी एक कमी. फेरी कोणी जिंकली हे ठरवायला चार कसोट्या सांगितल्या जातात. स्वच्छ आणि परिणामकारक ठोसे, परिणामकारक आक्रमकता, रिंगवरचा ताबा आणि बचाव. चौथी कसोटी कागदावर आहे. पण पंच म्हणून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे तीन मिनिटांत शेकडो हालचाली होतात. त्यात पुढे पुढे चाल करणारा, ठोसे फेकणारा माणूस ठळक दिसतो. मागे झुकून ते चुकवणारा तितका ठळक दिसत नाही.

हौशी मुष्टियुद्धाने यावर एक उपाय करून पाहिला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सला अंतिम लढतीत यजमान देशाच्या मुष्टियोद्ध्याविरुद्ध पराभूत ठरवलं गेलं आणि त्या निकालावर जगभर टीका झाली. मग १९९२ पासून ऑलिंपिकमध्ये संगणक आला. पाच पंचांनी बटणं दाबायची. तिघांनी जवळजवळ एकाच क्षणी दाबलं तरच ठोसा लागला असं धरायचं. २००८ साली बीजिंगला आपल्या विजेंदरसिंगने कांस्यपदक मिळवलं, ते याच पद्धतीत. पण यंत्राला लागलेला ठोसाच कळायचा. चुकवलेल्या ठोशासाठी बटणच नव्हतं. २०१३ मध्ये ही पद्धत सोडून हौशी मुष्टियुद्धही दहा गुणांच्या हिशेबाकडे वळलं. म्हणजे मूळ अडचण तशीच राहिली.

व्हिटेकरला या अडचणीचा पहिला फटका बसला तो मार्च १९८८ मध्ये. पॅरिसजवळच्या लव्हाल्वा इथे तो डब्ल्यूबीसीच्या लाइटवेट किताबासाठी मेक्सिकोच्या होजे लुईस रामिरेझशी लढला. तोवरच्या पंधराही लढती त्याने जिंकल्या होत्या. रामिरेझ बारा फेऱ्या त्याचा पाठलाग करत राहिला आणि बहुतेक वेळा हवेत ठोसे मारत राहिला. निकाल मात्र दोन विरुद्ध एक असा रामिरेझच्या बाजूने लागला. जाणकारांच्या लेखी तो त्या दशकातल्या सर्वांत वाईट निकालांपैकी एक ठरला.

१९८९ मध्ये व्हिटेकरने आधी ग्रेग हॉगनला हरवून आयबीएफचा लाइटवेट किताब मिळवला. मग ऑगस्टमध्ये आपल्या गावी, नॉरफोकला, त्याच रामिरेझला पुन्हा गाठून एकमुखी निकालाने हरवलं. व्हिटेकरची सर्वोत्तम लढत कोणती, या वादात काही जण या परतफेडीचं नाव घेतात. भावनेच्या अंगाने ते समजण्यासारखं आहे. पण तोपर्यंत रामिरेझचा जोम ओसरू लागला होता, आणि गर्दीही व्हिटेकरचीच होती.

याहून भक्कम दावा आहे १९ मे १९९० च्या लढतीचा. लास व्हेगासमध्ये त्याच्यापुढे उभा होता घानाचा अझुमा नेल्सन. 'प्रोफेसर' म्हणून ओळखला जाणारा नेल्सन आफ्रिकेच्या सार्वकालिक श्रेष्ठ मुष्टियोद्ध्यांत गणला जातो. त्याआधी तो आयुष्यात एकदाच हरला होता, तोही १९८२ साली साल्वादोर सांचेझसारख्या असामान्य माणसाकडून. नेल्सन विचार करून लढायचा. चकवे ओळखायचा, स्वतः चकवे द्यायचा. अशा माणसाला व्हिटेकरने बारा फेऱ्या जॅबच्या टोकावर ठेवलं आणि निर्विवाद जिंकलं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, त्याच्या नैसर्गिक वजनगटात होता, पाय पूर्ण ताजे होते. बचावाची शुद्ध कला पाहायची असेल, तर या लढतीत ती सगळ्यात निर्मळ दिसते, हे मान्य करायला हवं. या दाव्यात उणीव एकच. नेल्सन १३० पौंडांच्या गटाचा जगज्जेता होता आणि या लढतीसाठी वर १३५ पौंडांत आला होता. ऐकायला पाच पौंड किरकोळ वाटतात, पण या वजनाच्या माणसांत तेवढ्याने ठोशाची धार बोथट होते.

तीनच महिन्यांनी व्हिटेकरने हुआन नझारिओला पहिल्याच फेरीत झोपवलं आणि लाइटवेटचे तिन्ही प्रमुख किताब एकत्र केले. त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वांत नेत्रदीपक शेवट. तरी सर्वोत्तम लढतीच्या चर्चेत तिचं नाव क्वचितच निघतं, यातच त्याच्या थोरवीचं स्वरूप कळतं. तसंच मार्च १९९५ मध्ये १५४ पौंडांच्या गटात जाऊन त्याने अर्जेंटिनाच्या ज्युलिओ सीझर वास्केझ या बऱ्याच धिप्पाड माणसाला हरवलं आणि चौथ्या वजनगटात किताब मिळवला. धाडस म्हणून तेही मोठंच. पण मोजमाप लावायचं, तर अखेर वाद येऊन थांबतो तो १० सप्टेंबर १९९३ च्या रात्रीपाशी.

त्या रात्री टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या अलामोडोममध्ये साठ हजारांहून जास्त माणसं जमली होती. बहुतेक सगळी मेक्सिकन वंशाची आणि ज्युलिओ सीझर चावेझची भक्त. चावेझ तेव्हा मेक्सिकोचं दैवत होता. ८७ लढती आणि एकही पराभव नाही, एकही बरोबरी नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियमवर त्याची लढत पाहायला १ लाख ३० हजारांवर प्रेक्षक आले होते. त्याची पद्धत ठरलेली. संथपणे पुढे यायचं, जागा कमी करत प्रतिस्पर्ध्याला दोरांशी कोंडायचं आणि डावा हुक बरगडीखाली, यकृतावर मारायचा. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत लोक त्याला चुकवायचे. नंतर त्यांचे पाय जड व्हायचे.

लढत व्हिटेकरच्या वेल्टरवेट किताबासाठी होती. त्या गटाची मर्यादा १४७ पौंड, पण करारानुसार १४५ पौंडांवर लढायचं ठरलं. चावेझ हलक्या गटातून वर आला होता, हे त्याचे चाहते आवर्जून सांगतात. ते खरं आहे. पण व्हिटेकरही काही जन्मजात वेल्टरवेट नव्हता. त्या गटाचा किताब त्याने बडी मॅकगर्टकडून मिळवला, त्याला सहाच महिने झाले होते. दोघांनीही खालच्या गटांत नाव कमावलेलं होतं. तेव्हा नेल्सनच्या बाबतीत निघणारा वजनाचा आक्षेप इथे तितकासा लागू पडत नाही.

या लढतीची चित्रफीत मी कितीतरी वेळा पाहिली आहे. सुरुवातीच्या फेऱ्या चुरशीच्या आहेत. त्यातल्या एक-दोन चावेझला द्यायला माझी हरकत नाही. पुढे मात्र एक वेगळीच गोष्ट घडू लागते. सगळ्यांची अपेक्षा होती, की व्हिटेकर लांब राहील, गोल फिरत वेळ काढेल. चावेझला कोणी जवळ येऊ देत नाही, हा तर शिरस्ताच होता. व्हिटेकर उलट आत गेला. खांद्याला खांदा लावून, कपाळ चावेझच्या छातीशी टेकवून तो चावेझच्याच अंगणात लढू लागला. ज्या अंतरावर चावेझने इतक्या जणांना मोडलं होतं, त्याच अंतरावर चावेझचा हुक एक तर कोपरावर आदळत होता, नाही तर पाठीमागून निघून जात होता. आणि व्हिटेकरचे लहान, नेमके ठोसे पोटावर, हनुवटीखाली लागत होते. थोडं अंतर पडलं की पुन्हा उजव्या हाताचा जॅब. उत्तरार्धात चावेझच्या चेहऱ्यावर जो भाव दिसतो तो वेदनेचा नाही. हिशेब कुठे चुकतो आहे, हे न कळलेल्या माणसाचा तो भाव आहे.

बारावी घंटा झाली. निकाल वाचला गेला. एका पंचाने ११५-११३ असे गुण व्हिटेकरला दिले. उरलेल्या दोघांच्या कागदावर होतं ११५-११५. म्हणजे लढत बरोबरीत. त्या दोघांपैकी एकाने जरी एक फेरी व्हिटेकरकडे झुकवली असती, तरी तो जिंकला असता. किताब त्याच्याकडेच राहिला, कारण बरोबरीत तो आधीच्या विजेत्याकडे राहतो. पण विजय नाही मिळाला. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या नामांकित साप्ताहिकाने त्या आठवड्यात त्याचं छायाचित्र मुखपृष्ठावर छापलं आणि 'लुटलं' या अर्थाचा एकच शब्द वर घातला. चावेझचा 'अपराजित' हा टिळाही फार काळ टिकला नाही. जानेवारी १९९४ मध्ये फ्रँकी रँडलने त्याला आयुष्यात पहिल्यांदा खाली पाडलं आणि गुणांवर हरवलंही.

असा निकाल का लागला असेल? पंचांच्या हेतूविषयी तर्क करायची मला गरज वाटत नाही, आणि पुराव्याशिवाय तसं बोलूही नये. साधी कारणं पुरेशी आहेत. साठ हजार माणसं चावेझचा हात हलला की ओरडत होती. ठोसा चेहऱ्यावर बसला, कोपरावर बसला की हवेत गेला, हे एवढ्या मोठ्या बंदिस्त स्टेडियमच्या वरच्या सज्जातून दिसणं शक्यच नव्हतं. ओरडा मात्र तिन्हींसाठी सारखाच. मुशायऱ्यात ज्यांनी हजेरी लावली आहे, त्यांना हे नव्याने सांगायला नको. एखादा शेर तोंडून निघायच्या आधीच ठरलेली मंडळी 'वाह वा' करून मोकळी होतात आणि मग शेजारचा चोखंदळ माणूसही घटकाभर गोंधळतो, की आपल्यालाच काही कळलं नाही की काय. रिंगशेजारी बसलेला पंचही माणूसच. कान बंद करून डोळे उघडे ठेवायचे, हे सोपं नाही. त्यात चावेझ पुढे पुढे येत होता. पुढे येणारा माणूस वरचढ, ही समजूत आपल्या सगळ्यांच्या मनात खोल रुजलेली आहे.

आता विरुद्ध बाजूचे दोन मुद्दे. पहिला असा, की जी लढत जिंकलीच नाही, ती सर्वोत्तम कशी? या प्रश्नाचं उत्तर क्रिकेट पाहणाऱ्या कोणालाही देता येईल. १९८७ साली बंगलोरच्या आखाडा झालेल्या खेळपट्टीवर पाकिस्तानविरुद्ध सुनील गावसकर ९६ धावा काढून बाद झाले आणि भारत १६ धावांनी हरला. तरीही बचावात्मक फलंदाजीचा विषय निघाला की ती खेळी आठवतेच. निकाल हा त्या दिवसाच्या नोंदवहीचा भाग असतो. गुणवत्तेची नोंद वेगळ्या वहीत होते.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. काही अभ्यासक म्हणतात, की बचावाची कसोटीच लावायची तर नेल्सनविरुद्धची लढत अधिक निर्दोष आहे. चावेझविरुद्ध व्हिटेकरने तुलनेने जास्त ठोसे खाल्ले. हे खरं आहे. पण निर्दोष असणं आणि श्रेष्ठ असणं यांत फरक करायला हवा. कोणापुढे, कुठे आणि किती जवळ उभं राहून बचाव केला, हेही पाहायला हवं. आणि इथे मला मेल्ड्रिक टेलरची आठवण येते.

टेलर आणि व्हिटेकर एकाच ऑलिंपिक संघातले, एकाच व्यवस्थापनाखालचे, एकाच प्रशिक्षकांच्या तालमीत घडलेले. १७ मार्च १९९० रोजी लास व्हेगासमध्ये टेलर याच चावेझशी लढला होता. टेलरचे हात विजेसारखे. तो चावेझपेक्षा कितीतरी जास्त ठोसे मारत होता आणि तिघांपैकी दोन पंचांच्या कागदावर स्पष्टपणे पुढे होता. पण प्रत्येक झटापटीत तो चावेझचे एक-दोन ठोसे घेतही होता. ते थोडे होते, पण जड होते. बाराव्या फेरीत तो कोसळला, उठला, आणि फेरी संपायला अवघी दोन सेकंद उरलेली असताना पंच रिचर्ड स्टील यांनी लढत थांबवली. तो निर्णय बरोबर की चूक, हा वाद आजही मिटलेला नाही. पण टेलरच्या चेहऱ्याचं हाड मोडलेलं होतं, याबद्दल वाद नाही. पुढच्या वर्षी त्याने वेल्टरवेटचा किताब मिळवला हे खरं, तरी पूर्वीचा टेलर परत आला नाही. पुढे दूरचित्रवाणीवर त्याची मुलाखत झाली, तेव्हा त्याची जड झालेली जीभ ऐकून अनेकांना गलबलून आलं.

साडेतीन वर्षांनी तोच चावेझ व्हिटेकरपुढे उभा राहिला. तेच अंतर, त्याच बारा फेऱ्या, तोच डावा हुक. लढत संपल्यावर व्हिटेकर ताठ उभा होता, पाय हलके होते, दोन्ही डोळे उघडे होते. गुणपत्रिका काहीही सांगो, या दोन रात्री शेजारी शेजारी ठेवल्या की चुकवलेल्या ठोशांची किंमत आपोआप दिसते. टेलरच्या वाट्याला जे आलं, ते व्हिटेकरच्या बाबतीत घडलं नाही. न घडलेली गोष्ट मोजायची असेल, तर मला यापेक्षा चांगलं माप माहीत नाही. म्हणून माझं मत सॅन अँटोनिओच्या लढतीला.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. एप्रिल १९९७ मध्ये तेहतीस वर्षांचा व्हिटेकर ऐन भरातल्या ऑस्कर डी ला होयाकडून गुणांवर हरला. त्या निकालावरही मतभेद आहेत, फक्त तितके तीव्र नाहीत. अमली पदार्थांच्या व्यसनाने त्याची उत्तर कारकीर्द झाकोळली, हेही लपवण्यात अर्थ नाही. त्याच वर्षीची एक जिंकलेली लढत चाचणीत दोषी आढळल्यामुळे रद्द ठरली. १९९९ मध्ये फेलिक्स ट्रिनिडाडने त्याचा जबडा मोडला, तरी बाराही फेऱ्या तो उभा राहिला. २००१ च्या शेवटच्या लढतीत गळपट्टीचं हाड मोडल्यामुळे ती थांबवावी लागली. वेळेआधी थांबून हरण्याची त्याची ही एकमेव वेळ. एकूण ४० विजय, ४ पराभव आणि १ बरोबरी. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्धाच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचा समावेश झाला. १४ जुलै २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच इथे रस्ता ओलांडताना मोटारीची धडक बसून त्याचा मृत्यू झाला. तो पंचावन्न वर्षांचा होता.

त्या नोंदीतली '१ बरोबरी' म्हणजे चावेझविरुद्धची लढत. पुढे कधी कोणी नुसते आकडे वाचेल, तर त्या एका आकड्यावरून त्याला काहीच कळणार नाही. म्हणून ज्यांना शक्य असेल त्यांनी ती लढत एकदा पाहावी. ती सहज उपलब्ध आहे. रेडिओवरून बोलणाऱ्या माणसाने असं सांगणं विचित्र वाटेल, पण पाहताना आवाज पूर्ण बंद ठेवा. गर्दी नको, समालोचन नको. एक कागद घ्या आणि प्रत्येक फेरीत चावेझचे लागलेले ठोसे एका बाजूला, हुकलेले दुसऱ्या बाजूला मांडत चला. बाराव्या फेरीनंतर स्वतःचा निकाल लिहा आणि मगच आवाज सुरू करा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)